सोळा आण्यांचं चुंबक

जुन्या औरंगाबादच्या गुलमंडीवर सुपारी हनुमानाच्या मंदिरापासून जवळच एक दुकान आहे असं समजा. वर माळा आणि माळ्यावर तीन पिढ्यांचे स्पीकर. दुकानात दोघं बसलेत. काकांनी चाळीस वर्षं मंडप आणि साउंडचा धंदा केला, आता फक्त दुरुस्ती करतात. पुतणी शहरातल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दोघंही कल्पित आहेत, पण चुंबकाबद्दल ते जे बोलतात ते कुठल्याही दुकानात पडताळून पाहता येईल. टेबलावर बारा इंची दोन जुळे स्पीकर पालथे पडलेत. फिरत्या टॉकीजच्या पडद्यामागून आलेले, फिलिप्सचे. मागच्या लोखंडी डब्यावर ‘टिकोनल’ एवढा शब्द अजून वाचता येतो. गणपतीला तीन आठवडे आहेत.

काका : हा बघ, पाठीला स्क्रूड्रायव्हर लावला. धरतंय का? नुसता लोंबकळतो आणि पडतो. मेलंय हे मॅग्नेट. साठ वर्षांचं झालं, उतरणारच. दोन्ही चार्जिंगला पाठवून देतो.

पुतणी : तोच स्क्रूड्रायव्हर त्या अठरा इंची स्पीकरला लावून बघा.

काका : त्याला काय बघायचं? हातातून ओढून घेतंय ते. मॅग्नेट म्हणावं तर असं.

पुतणी : काका, नळाखाली ओल किती आहे त्यावरून टाकीत पाणी किती ते सांगता का तुम्ही? स्क्रूड्रायव्हर गळती दाखवतो. अठरा इंचीच्या मागे फेराइटची काळी चकती उघडीच आहे, तिचं बरंचसं चुंबकत्व बाहेर सांडतं. या फिलिप्सचा चुंबकाचा ठोकळा मात्र जाड लोखंडी डब्याच्या पोटात बसलाय. डबा म्हणजे त्याचा परतीचा रस्ता. जे आहे ते कॉइलच्या गॅपमध्ये जातं, पाठीला फार उरत नाही. इथे स्क्रूड्रायव्हर पडला, तर ती चांगल्या बांधणीची खूण आहे.

काका : म्हणजे चाळीस वर्षं मी ओल बघून टाकी सांगितली म्हणायचं!

पुतणी : फेराइटच्या बाबतीत तुमचं बऱ्यापैकी जुळलंही असेल. एकाच जातीचे दोन स्पीकर शेजारी ठेवले तर गळतीवरूनही थोडा अंदाज येतो. पण दोन जातींची तुलना त्यानं करायची नाही.

काका : बरं, ते सोड. वयानं उतरतं की नाही, ते सांग. रोज कुणी तरी येतं आणि म्हणतं, आवाज बसलाय, मॅग्नेट उतरलंय.

पुतणी : नुसत्या वयानं जवळजवळ नाही. कपाटात शांत पडलेलं चांगलं चुंबक पन्नास वर्षांत जे गमावतं ते कानाला कळण्यासारखं नसतं. चुंबक उतरत नाही, ते उतरवलं जातं. आणि उतरवायचे रस्ते मोजकेच आहेत : फार मोठी उष्णता, समोरून आलेलं जोरदार उलटं चुंबकत्व, आणि डबा उघडणं.

काका : उष्णता म्हणतेस, तर आपल्याकडचा मे महिना काय कमी आहे? त्रेचाळीस अंशांत पत्र्याच्या टेम्पोत स्पीकर पडून असतात.

पुतणी : टिकोनल म्हणजे अल्निकोच्या घराण्यातला धातू. त्याचं चुंबकत्व पूर्ण जायला साडेआठशे अंशांच्या आसपास जावं लागतं. दर अंशामागे त्याची ताकद साधारण 0.02 टक्के कमी होते. फेराइटची दहा पट, म्हणजे 0.2 टक्के. वीस अंश वाढले तर फेराइट चार टक्क्यांनी हलकं होतं, आणि रात्री गार झालं की परत जागेवर येतं. त्याला उतरणं म्हणत नाहीत.

काका : मग मिरवणुकीत काय होतं? संस्थान गणपती राजाबाजारातून निघतो तेव्हा आवाज खणखणीत असतो. गुलमंडीवर येईस्तोवर बसतो. औरंगपुऱ्याकडे वळताना तर पोरं व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळतात. दुसऱ्या दिवशी लावला की पुन्हा खणखणीत. मी आपला पोरांना सांगतो, मॅग्नेट थकलं.

पुतणी : थकते ती कॉइल. तांब्याची तार शंभर अंशांनी तापली की तिचा रोध चाळीस टक्क्यांच्या जवळपास वाढतो. अॅम्प्लिफायर तेवढाच जोर लावतो, पण तार कमी विद्युतप्रवाह घेते आणि आवाज तीनेक डेसिबलनं बसतो. पोरं व्हॉल्यूम वाढवतात, तार आणखी तापते, शेवटी लाख वितळते आणि जळकट वास येतो. तो स्पीकर तुमच्याकडे येतो आणि पावतीवर लिहिलेलं असतं, ‘मॅग्नेट डाउन’.

काका : वास मला ओळखू येतो, बाई. पण गिऱ्हाईकाला ‘तुझ्या पोरानं कॉइल जाळली’ असं सांगायचं, की ‘मॅग्नेट उतरलं’ म्हणायचं? मॅग्नेट भांडायला येत नाही.

पुतणी : म्हणजे चुंबकाची बदनामी इथूनच सुरू होते!

काका : तुझ्या आजोबांच्या काळात मॅग्नेटची भानगडच नव्हती. दुकान तेव्हा रेडिओचं. निजामी अमलात इथं आपलं रेडिओ केंद्र होतं, ठाऊक आहे ना?

पुतणी : हो. स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांच्या मोजक्या रेडिओ केंद्रांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि बडोद्याबरोबर औरंगाबादचं नाव होतं.

काका : त्या काळातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत स्पीकरच्या पाठीला तारेचं मोठं बंडल असायचं, फील्ड कॉइल. रेडिओ लावला की ते चुंबक व्हायचं, बंद केला की नुसतं लोखंड. तेच बंडल पॉवर सप्लायमध्ये चोकचं कामही करायचं. मी शिकाऊ असताना हुशारी केली. जळकी फील्ड कॉइल काढून टाकली आणि मॅग्नेटवाला नवा स्पीकर बसवला. चोक गेला हे लक्षातच नाही. रेडिओतून बातम्यांच्या आधी भुंगा ऐकू यायला लागला. बाबांनी कान पिळला होता.

पुतणी : 1925 साली राइस आणि केलॉग यांनी फिरत्या कॉइलचा जो स्पीकर मांडला, त्यालाही असंच विजेचं चुंबक होतं. तेव्हाचं कायमचं चुंबक त्या कामाला पुरेसं नव्हतं. 1931 मध्ये जपानच्या मिशिमांनी लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियमचा मिश्रधातू काढला. पुढे त्यात कोबाल्ट आलं आणि अल्निको तयार झालं. टिटॅनियम, कोबाल्ट, निकेल, अॅल्युमिनियम यांची पहिली अक्षरं जोडून फिलिप्सनं आपल्या धातूचं नाव ठेवलं टिकोनल.

काका : आणि ऐंशी सालानंतर एकदम सगळे काळ्या चकतीचे यायला लागले. आम्ही म्हणायचो, कंपन्या कंजूष झाल्या.

पुतणी : कारण खाणीत होतं. कोबाल्टचा मोठा पुरवठा झाईरमधून यायचा. 1978 मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई झाली, कोल्वेझीच्या खाणी बंद पडल्या आणि कोबाल्टचे भाव कित्येक पटींनी चढले. फेराइट म्हणजे मुळात लोखंडाचा गंज आणि बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम, अगदी स्वस्त. स्पीकर बनवणाऱ्या बड्या कंपन्या दोन-तीन वर्षांत तिकडे वळल्या. म्हणून तर हे जुळे जपायला हवेत.

काका : जपू की. पण आधी ऐकू तर येऊ दे. मुका स्पीकर जपून काय लोणचं घालायचं? थांब, बोटानं बघतो.

(काका दोन्ही स्पीकर उताणे करतात. तारेच्या तुकड्यानं एकाची दोन्ही टोकं जोडतात आणि तीन बोटांनी कोन हळूच आत दाबतात, सोडतात. मग दुसऱ्याचा. पुन्हा पहिल्याचा. डोळे मिटलेले.)

काका : तार जोडली की कोन जड लागला पाहिजे, मधात बोट घातल्यासारखा. डावा तसा आहे. उजवा पातळ लागतोय. सोळा आण्यांतले पाच-सहा आणे गेलेत बघ.

पुतणी : पाच-सहा आणे म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. एवढं उतरणं अवघड वाटतं मला. मोजूया. मला काही वजनं लागतील. रुपया-दोन रुपयांची नाणी नकोत, ती पोलादाची आहेत.

काका : मग काय झालं?

पुतणी : डस्ट कॅपवर ठेवून बघा.

(काका रुपया ठेवतात. नाणं किंचित सरकतं आणि चिकटून बसतं. ते हसतात. पोऱ्याला सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात धाडून पितळी वजनांची पेटी मागवतात. तिथे आता सगळं इलेक्ट्रॉनिक काट्यावर चालतं, पेटी रिकामीच पडून असते.)

पुतणी : पितळेला चुंबक विचारत नाही. आता बघा. कोनवर पुठ्ठ्याची ही हलकी कडी ठेवली. उदबत्तीची ही काडी फ्रेमच्या कडेवर टेकवली, छोटं टोक कोनला लागलंय, लांब टोक कागदावरच्या रेघेवर. कोन केसभर हलला तरी काडी चांगली दिसेल इतकी हलते. बॅटरीतून कॉइलला पाव अँपिअर देते. कोन वर उचलला गेला, काडी रेघेवरून सुटली. आता काडी परत रेघेवर येईपर्यंत कडीवर वजनं ठेवत जायची.

काका : दोनशे… शंभर… अजून जरा. पाच ठेव. आली!

पुतणी : डावा 305 ग्रॅम. कोन मूळ जागी आला म्हणजे कोनला मधोमध धरणाऱ्या स्पायडरचा आणि कडेचा ताण हिशेबातून गेला. उरलं फक्त वजन विरुद्ध चुंबकाचा जोर. 305 ग्रॅमला गुरुत्वानं गुणायचं, पाव अँपिअरनं भागायचं. बाराच्या जवळ येतं. गॅपमधलं चुंबकत्व गुणिले त्यातली तारेची लांबी, असा हा आकडा आहे. आता उजवा.

(उजव्याची काडी 245 ग्रॅमवर रेघेला टेकते.)

पुतणी : आकडा 9.6. म्हणजे वीस टक्के कमी, सव्वातीन आणे. तुमचे पाच-सहा आणे जास्तच झाले.

काका : बोट खोटं बोलत नाही माझं. तुझी काडी बघ.

पुतणी : थांबा, थांबा. तुमची तार जोडलेली होती. कोन दाबला की कॉइल चुंबकात फिरते आणि तिच्यात वीज तयार होते, ती चुंबकाच्या प्रमाणात. तीच वीज पुन्हा चुंबकाशी झगडते, तेव्हा आणखी एकदा चुंबकाच्या प्रमाणात. म्हणजे बोटाला लागतो तो वर्ग! आठ दशांश गुणिले आठ दशांश, चौसष्ट शतांश. छत्तीस टक्के कमी. सोळा आण्यांतले…

काका : पावणेसहा. मी काय म्हणालो होतो?

पुतणी : पाच-सहा. काका, हे मी पुढच्या आठवड्यात वर्गात सांगणार आहे.

काका : सांग, पण एक विचारतो. तुझ्या आकड्यात तारेची लांबी पण आहे म्हणालीस. उजव्याची कॉइल कुणी नव्यानं भरली असेल, आणि वेढे कमी टाकले असतील, तर? मग मॅग्नेट ठणठणीत असूनही आकडा पडेल. आमच्या बाजारात वेढे कमी टाकणारे कमी नाहीत.

पुतणी : (थोड्या वेळानं) बरोबर आहे. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मीटर द्या… डाव्याचा रोध 12.4 ओम, उजव्याचा 12.5. तार तीच असेल तर वेढेही तेवढेच.

काका : आणि लाख बघ, कागद बघ. मूळचंच काम आहे ते. कॉइल कुणी बदललेली नाही.

पुतणी : मग चुंबकच उरतं. गॉसमीटरचा पातळ प्रोब गॅपमध्ये घालता आला असता तर खात्री झाली असती. अशा गॅपमध्ये हजारो गॉस असतात. आपल्या पायाखालच्या पृथ्वीचं चुंबकत्व जेमतेम 0.4 गॉस. पण गॅप मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा आणि त्यात कॉइल बसलेली, प्रोब जाणार कुठून? बरं, हा वीस टक्के उतरला कसा? तापलेला नाही, कॉइलही जळालेली नाही. कुणी डबा उघडला असेल.

काका : …

पुतणी : काका?

काका : नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. हा घासत होता. गॅपमध्ये काळी भुकटी गेलेली. आपल्याकडची ती बारीक काळी वाळू माहितीये ना, रस्त्यावर मॅग्नेट फिरवलं की दाढीसारखी चिकटते?

पुतणी : दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं, त्याचे कण.

काका : तेच. मी म्हटलं, कोन काढण्यापेक्षा मागचे बोल्ट खोलून डबाच उघडू. ठोकळा बाहेर काढला, फडक्यानं पुसला, गॅप झाडला, जसाच्या तसा परत बसवला. अर्धा तास लागला असेल. घासणं गेलं. आवाज जरा बसल्यासारखा वाटला, पण मी म्हटलं, जुनं आहे, उतरलं असेल.

पुतणी : तेव्हाच उतरलं. चुंबक स्वतःच स्वतःला खोडत असतं. लोखंडाचा रस्ता जोडलेला असेपर्यंत त्याला ते सोसतं. रस्ता तोडून ठोकळा हवेत धरला की स्वतःचंच उलटं चुंबकत्व अंगावर येतं. अल्निकोचा प्रतिकार कमी, फेराइटच्या कितीतरी खाली. म्हणून अल्निकोचा डबा शक्यतो उघडायचा नाही, आणि उघडायचाच तर ठोकळा लोखंडाच्या पट्टीनं जोडलेला ठेवायचा. परत बसवल्यावर गेलेलं परत येत नाही.

काका : तेव्हा हे कुणी सांगितलं नाही. कोन काढला असता तर?

पुतणी : काही झालं नसतं. कोन आणि कॉइल काढली तरी लोखंडाचा रस्ता शाबूत राहतो. पुठ्ठ्याच्या पातळ पट्टीला चिकटपट्टी उलटी लावायची, गॅपमध्ये फिरवायची, कण घेऊन येते.

काका : मग ते आता करावंच लागेल. पण डाव्याला.

पुतणी : डाव्याला? तो तर सोळा आणे आहे.

काका : मोजताना तू काडीला सारखी टिचकी मारत होतीस, डाव्याच्या वेळी. का? अडकत होती म्हणून. मी कोन दाबला तेव्हा कान लावून होतो. खाली जाताना एका बाजूला ‘खर्र’ करतो. सोळा आणे मॅग्नेटवाला घासतोय, आणि सव्वातीन आणे गेलेला सुरेल आहे. तुझ्या वजनांना हे दिसलं का?

पुतणी : नाही. मी टिचक्या मारून तेच पुसून टाकत होते.

काका : म्हणून म्हणतो, आकडा लिही, पण कान लावल्याशिवाय स्पीकर बरा म्हणू नकोस. आता उजव्याचं काय करायचं? मी तर चार्ज करणार. धातू तर मेलेला नाही ना?

पुतणी : धातू तसाच आहे. आतल्या बारीक कणांची तोंडं इकडे-तिकडे वळलीत, एवढंच. तसं अल्निको पूर्ण भरून येतं. कपॅसिटरमध्ये वीज साठवायची आणि जाड कॉइलमधून एका झटक्यात सोडायची, हजारो अँपिअरचा झटका. पण मी म्हणते, राहू द्या. आवाजात फरक दोन डेसिबलचा. उजव्या बाजूचा व्हॉल्यूम जरा वाढवला की झालं. आणि मला हे दोघं असेच हवेत. मुलांच्या हातात एक उघडलेला आणि एक न उघडलेला दिला, तर फळ्यावर काही लिहावंच लागणार नाही.

काका : व्हॉल्यूमनं आवाज वाढेल, पकड येईल का? मधात बोट घातल्यासारखं लागतं ते कुठून आणशील? ढोलकीची थाप डावीकडे आटोपशीर आणि उजवीकडे सैल वाजेल.

पुतणी : …ते खरं आहे. कोन आवरायचा जोर छत्तीस टक्क्यांनी कमी, तो व्हॉल्यूमनं भरत नाही.

काका : हे बाहेर वाजायला बनलेत. कपाटात बसून धडा द्यायला नाही.

पुतणी : आणि झटका उलट्या बाजूनं बसला तर? कॉइलची टोकं जोडलेली राहिली आणि झटक्यानं कॉइल उडाली तर? जे झालं ते तुमच्या अर्ध्या तासात झालं. आता पुन्हा घाई नको.

काका : टोकं मोकळी ठेवायची, बाजूची खूण करून द्यायची, आल्यावर पुन्हा वजनं ठेवून मोजायचं. एवढं तर आज शिकलो ना? आणि दोन्ही नाही, फक्त उजवा. सकाळी मी दोन्ही पाठवायला निघालो होतो. धरून ठेव, हा तुझा विजय.

पुतणी : आणखी एक. माळ्यावर यांना त्या अठरा इंचीच्या मॅग्नेटला पाठ लावून ठेवू नका. तसंच ट्वीटरमधल्या निओडिमियमच्या शेजारीही नको. हातभर अंतर पुरे.

काका : ठेवतो. दे तो लेबलचा कागद. डावा : पाव अँपिअर, 305 ग्रॅम, 12.4 ओम, घासतो, कोन काढून साफ करणे. उजवा : पाव अँपिअर, 245 ग्रॅम, 12.5 ओम. दोन्हींवर मोठ्या अक्षरात : डबा उघडू नये. आजची तारीख. पुढच्यानं मोजलं तर त्याला कळेल आज काय होतं.

पुतणी : उजव्यावर, तो आधी कुणी उघडला होता, तेही लिहा.

(काका पेन खाली ठेवतात आणि कानावरची पेन्सिल काढतात.)

काका : लिहितो. चार्ज होऊन आला की खोडायला बरं. तू तोवर वजनं मोजून पेटीत भर, सराफा बंद व्हायची वेळ झाली.